मसुद्यात त्याचा एक शब्द नव्हता

प्रिय लेकीस,

प्रभू येशूच्या नावात सलाम आणि आशीर्वाद.

काल रात्री तू फोन ठेवलास तेव्हा माझं बोलणं संपलं नव्हतं. रागावून लिहीत नाही. दिवसभर नोकरी करायची आणि रात्री चर्चच्या मंडळीची कीर्द-खतावणी उघडून बसायचं, माणूस थकणारच. आई म्हणाली, पुन्हा फोन करू नका, दोघंही आवाज चढवाल, त्यापेक्षा पत्र लिहा. तिचं ऐकलं.

आधी जे सांगायला हवं होतं आणि फोनवर राहून गेलं ते सांगतो. मंडळीच्या पंच कमिटीवर तुझं नाव आलं तेव्हा तुझ्या आईनं ते शेजारी कळवायच्या आधी गुडघे टेकले होते. गरजू बायकांच्या मदतनिधीत तूट आहे हे इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, ते तुझ्या आलं. प्रत्येक व्हाउचर बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहायचं, न कंटाळता, न घाबरता, हे सोपं काम नाही. खजिनदार वयानं मोठा, मंडळीत मान असलेला, संडे स्कूलच्या मुलांचा आवडता. त्याच्याकडे बोट दाखवायला छाती लागते. ती तुझ्याकडे आहे याचा मला फार अभिमान आहे. तुझा हिशेब चुकलेला असेल असं मला एकदाही वाटलं नाही.

पण तू निकालाचा मसुदा वाचून दाखवलास ना, तो ऐकल्यापासून मन लागत नाही. त्यात तारखा होत्या, रकमा होत्या, कोणत्या पावतीवर कोणाची सही नाही ते होतं. शेवटी शिफारसही होती: पदावरून काढावं, प्रभुभोजनापासून (भाकर-द्राक्षारसाच्या पवित्र विधीपासून) दूर ठेवावं, नाव सभेत वाचावं. खजिनदाराचा स्वतःचा एक शब्द कुठेही नव्हता. मी विचारलं, त्याला बोलावलं होतं का? तू म्हणालीस, "बाबा, त्यात ऐकून घेण्यासारखं काय आहे? कागदच बोलतायत." आणि मग म्हणालीस, "थैली यहूदाकडेही होतीच."

त्या वाक्यापाशीच मी अडकलोय.

प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाकडे शिष्यांच्या पैशांची थैली होती आणि तो तीतले पैसे काढून घेत असे, हे योहानानं आपल्या शुभवर्तमानात लिहिलंय, खरं आहे. पण त्याच योहानानं पुढच्याच अध्यायात काय लिहिलंय ते आठव. प्रभूला सगळं ठाऊक होतं. आपल्यासारखं पासबुक ताडून त्याला काही शोधायचं नव्हतं. तरी त्यानं यहूदाचे पाय धुतले. तो उठून बाहेर गेला तेव्हा बाकीच्यांना वाटलं, सणासाठी काही आणायला गेला असेल, नाहीतर गरिबांना काही द्यायला. इतकी वर्षं बरोबर राहून त्यांना संशयसुद्धा आला नाही, याचा अर्थ प्रभूनं एकदाही त्याला चारचौघांत उघडा पाडला नव्हता. आणि "तुमच्यातला एक जण मला धरून देईल" असं तो म्हणाला तेव्हा मत्तय सांगतो की शिष्य फार कष्टी झाले आणि एकेक जण विचारू लागला, "प्रभू, तो मी आहे काय?" कोणी म्हणालं नाही, तो यहूदा असेल. प्रत्येकानं आधी स्वतःबद्दल विचारलं. थैलीचं उदाहरण द्यायचंच असेल तर ती सगळी रात्र डोळ्यांसमोर ठेवून दे. अर्धं वचन घेऊन माणसाला हाणायचं हे आपल्या घरात कधी झालं नाही, आजोबांच्या वेळेपासून नाही.

मी समजावायला बसलो होतो आणि सूर भलतीकडेच गेला. राहू दे.

यहुद्यांच्या सभेतला निकदेम तुला आवडायचा. रात्री लपून येशूकडे आलेला म्हणून नव्हे, तू म्हणायचीस, "तो म्हातारपणी नवीन प्रश्न विचारतो." योहान ७ पुन्हा काढ. सणाचे दिवस, मंदिरात गर्दी, आणि परूश्यांनी, म्हणजे नियमशास्त्र कडक पाळणाऱ्या पंथानं, येशूला धरून आणायला शिपाई पाठवलेले. शिपाई हात हलवत परत येतात. सभेतले मोठे लोक संतापतात, नियमशास्त्र न जाणणारा हा लोकसमुदाय शापित आहे म्हणतात. त्या खोलीत एकटा निकदेम तोंड उघडतो. येशू निर्दोष आहे असं तो म्हणत नाही. तो एवढंच विचारतो की एखाद्याचं आधी ऐकल्याशिवाय, तो काय करतो हे समजून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याचा न्याय करतं का? त्याला उत्तर काय मिळालं? "तूही गालीलातला आहेस काय?" म्हणजे येशूच्याच प्रांतातला. मुद्द्याला कोणी हात घातला नाही, विचारणाऱ्याच्याच गावावर गेले. तुमच्या बैठकीत तुला निकदेमाच्या जागी बसावं लागेल असं मला वाटलं होतं. त्याऐवजी तो प्रश्न मी इथून तुला विचारतोय.

त्याच अध्यायात, थोडं वर, प्रभूचे शब्द आहेत: "तोंड पाहून न्याय करू नका, तर यथार्थ न्याय करा." म्हणजे न्याय करायला त्याची मनाई नाही. हे तुला मुद्दाम सांगतो, कारण मला माहीत आहे की तुमच्याकडेही कोणीतरी उभं राहून "न्याय करू नका" हे वचन पुढे करील आणि सगळी फाइल बंद करायला सांगेल. ज्यांना प्रकरण झाकायचं असतं ते हे वचन सगळ्यांत मोठ्यानं म्हणतात. त्यांना पुढची वचनं वाचायला लाव. मत्तय ७ मध्ये कुसळ तसंच राहू दे असं लिहिलेलं नाही. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असं आहे. कुसळ काढायचंच आहे. भावासाठीच काढायचंय, त्याला त्या डोळ्यानं दिसत नाहीये म्हणून. पण दुसऱ्याच्या डोळ्याला हात लावायचा तर त्याच्या अगदी जवळ जावं लागतं, तोंडासमोर तोंड आणावं लागतं, आणि आपला हात थरथरून चालत नाही. लांब उभं राहून, रागात, तीन पानी मसुद्यातून कोणाच्या डोळ्यातलं काही निघत नसतं.

म्हणून विचारतो, तू त्याच्या घरी गेलीस का? ऑफिसात बोलावून घेतलंस का? निदान फोन?

हे फोनवरही विचारून झालंय, आणि तू हो किंवा नाही म्हणाली नाहीस.

परवा कपाट आवरताना तुझा ख्रिसमसच्या कार्यक्रमातला फोटो सापडला. त्या वर्षी नाताळच्या प्रसंगाऐवजी देवापाशी मूल मागणाऱ्या हन्नाची गोष्ट घेतली होती, आठवतं? मुलं कमी पडली म्हणून एली याजक तुला केलं होतं. कापसाची दाढी, कानामागे दोरा, आणि दाराच्या खांबापाशी खुर्ची. हन्ना झालेली मुलगी मनातल्या मनात प्रार्थना करत नुसते ओठ हलवायची, आणि तू उठून म्हणायचं होतंस, "तू कुठवर नशेत राहणार?" तालमीत तू ते वाक्य म्हणेनास. बाई रागावल्या. तू घरी येऊन दाढी काढून ताटाशेजारी ठेवलीस आणि म्हणालीस, "मी तिला असं बोलणार नाही. ती रडतेय, त्याला दिसत नाही का? आधी विचारायचं ना." तुझ्या आईनं तुला समजावलं की एलीनं पुढे तिचं ऐकून घेतलं. ती म्हणाली, मी नशेत नाही, मी दुःखी बाई आहे, देवापुढे मन मोकळं करतेय. आणि त्यावर एली वाद घालत बसला नाही, शांतीनं जा म्हणाला, आशीर्वाद दिला. तेव्हा कुठे तू तयार झालीस, पण अट घातलीस की तो पुढचा भाग कापायचा नाही. कार्यक्रमाला ते कठोर वाक्य तू इतकं हळू बोललीस की मागच्या रांगेला ऐकूच गेलं नाही. आशीर्वाद मात्र साऱ्या सभागृहाला ऐकू गेला. तुझे आजोबा पुढच्या बाकावर होते. वर्षभर जो भेटेल त्याला सांगत होते.

फोटो आईनं तिच्या पवित्र शास्त्रात ठेवलाय.

तुला लहानपणची गोष्ट सांगून लाजवायचं नाही. पण ज्या मुलीला ओठ हलणारी बाई पाहून "आधी विचारायचं ना" असं वाटलं ती आज विचारत नाहीये, याची मला भीती वाटते. कारणही मला कळतं असं वाटतं. लिहू की नको असं करत दोनदा पेन खाली ठेवलं. ते वर्ष. तू परत घरी आलीस तेव्हा मंडळीत जे बोललं गेलं, आणि एकानंही आपल्या दारात येऊन तुला विचारलं नाही की पोरी, काय झालं. मागच्या दारानं भक्तीला जायचो आपण तिघं. तेव्हापासून तू ठरवलंस की यापुढे भावना नाही, फक्त पुरावा. ते मला समजतं. पुरावा हवाच. पण बेटा, त्या वर्षी लोकांकडेही त्यांच्या मते पुरावाच होता. तारखा होत्या, साक्षीदार होते. नव्हता तो फक्त तुझा शब्द.

हे लिहायचं नव्हतं. आता लिहिलंय तर खोडत नाही. दुखावलं असेन तर क्षमा कर.

जे पैसे गेले ते कोणाचे होते हे विसर असं मी म्हणत नाही. ज्या बायकांची महिन्याची मदत अडली त्यांच्यापैकी कोणी आपल्या भावाच्या दारात हात पसरला असेल. बायबलच्या लेवीय पुस्तकात आज्ञा आहे की न्याय करताना गरिबाचीही बाजू घ्यायची नाही आणि थोराचाही मुलाहिजा ठेवायचा नाही. खजिनदाराचा मान राखायला त्यांचं नुकसान गिळायला लावलं तर ती दया नव्हे, दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म आहे. ज्याचं नुकसान झालं त्याच्या वतीनं परस्पर क्षमा करून टाकायचा अधिकार कमिटीला नाही. पैसे परत यायला हवेत. गुन्हा असेल तर तो कायद्यापासून लपवायचा नाही. यात तुझ्या आणि माझ्या मतात तसूभर फरक नाही, आणि कोणी दबाव आणला तर सांग, मी येऊन उभा राहीन.

क्षमा न करणाऱ्या चाकराचा दाखला, म्हणजे प्रभूनं सांगितलेली बोधकथा, आपण नेहमी घाईनं वाचतो. धन्यानं त्याला फार मोठं कर्ज सोडलं आणि सोबत्याकडचे शंभर दिनार त्यानं सोडले नाहीत. आपण म्हणतो, शंभर दिनार म्हणजे किरकोळ. किरकोळ नव्हे. मत्तयातच द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसाची मजुरी एक दिनार आहे, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी झाली. मजुराच्या घरात ती रक्कम म्हणजे तीन-चार महिन्यांचा आधार. प्रभूनं देणं खोटं म्हटलं नाही, लहानही म्हटलं नाही. देणं खरं होतं. धनी संतापला तो सोबत्याचा गळा धरला म्हणून, "मला वागवून घे" ही त्याची विनवणी कानाआड केली म्हणून, आणि आपल्याला काय सुटलंय ते दाराबाहेर पडताच विसरला म्हणून.

आणि जक्कयाकडे बघ. जकातदारांचा मुखिया, श्रीमंत, लोकांना लुबाडलेलं सगळ्या यरीहोला ठाऊक. तो प्रभूला पाहायला झाडावर चढला होता; प्रभू त्या झाडाखाली थांबला आणि म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. आधी पैसे परत कर मग येतो, असं नाही. बाहेर लोक कुरकुर करत होते की पापी माणसाच्या घरी पाहुणा गेला. घरात काय बोलणं झालं ते लूक सांगत नाही. जक्कय उभा राहून स्वतःच म्हणाला की अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देतो आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो. त्याच्यावर कोणी दंड बसवला नव्हता. मला सांग, तुमच्या मसुद्यातून चौपट निघेल का? मूळ रक्कम तरी निघेल का? माणूस कोंडीत सापडला की तो वकील शोधतो. घरी कोणी आलं तर कदाचित वही काढतो. कदाचित म्हणतोय. काढणारही नाही. तरी जायचं.

जुन्या काळच्या बिशप सिप्रियनबद्दल तुला पूर्वी सांगितलं होतं, तुला झोप येत होती. पुन्हा सांगतो, कारण हे तुमच्या प्रकरणाला अगदी लागू आहे. २५० साली रोमचा सम्राट डेसियस यानं फर्मान काढलं की सगळ्यांनी देवतांना यज्ञ करावा आणि तसा दाखला घ्यावा. पुष्कळ ख्रिस्ती लोक डगमगले. कोणी यज्ञ केला, कोणी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक रडत मंडळीच्या दाराशी आले. रोममध्ये नोवेशियन नावाचा पाळक म्हणाला, यांना परत घ्यायचं नाही. दुसरीकडे काही जण म्हणत होते, सरसकट सगळ्यांना घ्या, चौकशी कशाला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन दोन्हीला नाही म्हणाला. २५१ साली तिथे बिशपांची सभा बसली आणि ठरलं की एकेकाचं प्रकरण वेगळं पाहायचं. कोण धावत जाऊन यज्ञ करून आला आणि कोण खूप झगडून मोडला, सगळे एका मापानं मोजायचे नाहीत. त्यानं एका पत्रात अशा माणसाचाही विचार केलाय, जो बायकामुलांना आणि घरच्या सगळ्यांना वाचवण्यासाठी एकटा पुढे गेला आणि तो कलंक आपल्या माथी घेतला. ही माहिती दाखल्याच्या कागदावर असणं शक्य होतं का? कागदावर एवढंच की याने यज्ञ केला. ती गोष्ट ऐकल्याशिवाय कळणार नव्हती. आणि सिप्रियन मवाळ माणूस होता असं समजू नकोस. प्रायश्चित्ताच्या बाबतीत तो कडक होता, आणि २५८ साली त्यानं स्वतः विश्वासासाठी मान दिली.

तुमच्या खजिनदाराच्या घरी काय चाललंय, तुला माहीत आहे का? त्याच्या मुलाचं आजारपण मागे कोणीतरी बोललं होतं. मी सबब शोधून देत नाहीये. आजारपण असलं तरी चोरी ही चोरीच राहते. पण त्यानं घेतले, की दुसऱ्या कोणाला दिले, की लिहायचे राहिले, की एकदा घेतले आणि भरता न आल्यानं पुढे खोटं लिहीत गेला, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चारींचा ताळेबंद सारखाच दिसतो. तू अकाउंट्सची माणूस आहेस, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं.

पुन्हा चढा सूर लागला. तुझ्या कामातलं तुला शिकवण्याचा हेतू नाही.

काय करावंसं मला वाटतं ते साधेपणानं लिहितो, पटेल ते घे. मत्तय १८ मध्ये क्रम दिलाय: आधी एकट्यानं जायचं, मग एक-दोघांना बरोबर घेऊन, मग मंडळीला सांगायचं. तुम्ही तिसऱ्या पायरीवरून सुरुवात केलीय. मागे या. तू आणि दुसरे ज्येष्ठ पंच, दोघं जा. तुझ्या हातात फाइल असू दे पण ती लगेच उघडू नकोस. आधी त्याला विचार आणि मग गप्प बस. तुला गप्प बसणं कठीण जातं, आजोबांवर गेलीस. तो रागावेल, कदाचित तुझ्यावरच उलटेल, त्या जुन्या वर्षाचाही उल्लेख करील. करू दे. तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिही आणि त्याला वाचून दाखव. मग कागद पुढे ठेव. जे सिद्ध झालं ते सिद्ध झालं म्हण, जे कळलं नाही ते कळलं नाही असंच लिही, जागा भरू नकोस. आपला तरुण सोबती तीमथ्य याला प्रेषित पौलानं सांगितलंय की मंडळीच्या वडिलावरचा, म्हणजे पुढाऱ्यावरचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून घेऊ नकोस. आणि लगेच पुढे म्हणतो की पाप करत राहणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दे, आणि हे करताना पूर्वग्रह नको, पक्षपात नको. दोन्ही एकाच दमात सांगितलंय. एकच अर्धं उचलणाऱ्यांपासून सावध राहा, दोन्ही बाजूंच्या.

आणखी एक. हे प्रकरण "प्रार्थनेचा विषय" म्हणून कोणालाही सांगू नकोस. भगिनी मंडळात नको, ग्रुपवर नको. माणसाची अब्रू सगळ्यांत लवकर जाते ती अशाच प्रार्थनेतून, आणि मग चौकशीत काही वेगळं निघालं तरी ती परत आणायला कोणी जात नाही. मरीयेशी मागणी झालेला योसेफ आठव. लग्नाआधीच ती गरोदर दिसली. त्याच्या समोर जे दिसत होतं त्यात शंकेला जागाच नव्हती असं त्याला वाटलं असणार. तरी मत्तय त्याला नीतिमान म्हणतो आणि लगेच सांगतो की मरीयेची बेअब्रू होऊ नये म्हणून त्यानं गुपचूप सोडायचं मनात आणलं. देवदूतानं खरं सांगितलं ते स्वप्न त्याला पडलं ते नंतर. आधी त्यानं तिची अब्रू झाकली होती, खरं काय ते कळायच्याही आधी.

निकालानंतरचं कोणी बोलत नाही. समज सगळं सिद्ध झालं, त्याला पदावरून काढलं, प्रभुभोजन थांबवलं. पुढच्या रविवारी तो येईल का? आला तर त्याच्या शेजारी कोण बसेल? करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल एका शिक्षा झालेल्या माणसाबद्दल लिहितो की बहुतेकांनी दिलेली शिक्षा पुरे आहे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखसागरात बुडून जायचा. शिक्षेला शेवट असतो हे शिक्षा लिहितानाच ठरवायला हवं. तुझ्या मसुद्यात "कायमचं" हा शब्द दोन ठिकाणी आला. तेवढा काढता येईल का बघ.

पौलावरून आठवलं, मार्काच्या बाबतीत तोही कडक होता. प्रचाराच्या फेरीत तरुण मार्क पंफुल्या प्रांतात पौल आणि बर्णबा या दोघांना सोडून गेला, म्हणून पुढच्या फेरीला पौल त्याला बरोबर घ्यायला तयार होईना. बर्णबा घेऊ म्हणत होता. दोघांत इतकं पेटलं की ते वेगळे झाले. पौलाचा मुद्दा खोटा नव्हता, मार्क गेला होताच. पण बर्णबानं त्याला बरोबर घेतलं, आणि कित्येक वर्षांनी तुरुंगातून तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मला ती ओळ वाचताना प्रत्येक वेळी भरून येतं. आजोबांना तर वाचताच यायची नाही.

तू माझी मुलगी आहेस, तुझ्याकडून चुकीचा निकाल जाईल याची मला फारशी भीती नाही. निकाल कदाचित अक्षर न अक्षर बरोबर असेल. पण तो त्या माणसाला न भेटता दिलेला असेल, आणि पुढच्या वेळी न भेटणं आणखी सोपं जाईल, आणि त्याच्या पुढच्या वेळी तुला भेटावंसं वाटणारच नाही. ज्या मापानं तुम्ही मापून द्याल त्याच मापानं तुम्हांला परत मापून देण्यात येईल, हे वचन मी माझ्यासाठी वाचतो तेव्हा घाबरत नाही. तुझ्यासाठी वाचलं की घाबरतो. काल झोप लागली नाही ती यामुळे.

सभा कितवी तारीख ठरली ते कळव. तिसरे पंच परगावी असतील तर सभा पुढे ढकला, दोघांत उरकू नका. पाळकसाहेबांना मसुदा द्यायच्या आधी एकदा मला वाचून दाखव, मी मध्ये बोलणार नाही, आईला शेजारी बसवतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी आहे. दादा सुटी काढून येतोय, सगळं बघेल. तू धावत येऊ नकोस, ती तुझ्यावर रुसणार नाही, तिनंच सांगितलंय. शनिवार-रविवार मोकळा मिळाला तर तो खजिनदाराच्या घरी जायला ठेव.

तुझे
बाबा

ता. क. ज्या बायकांची मदत अडली आहे त्यांना या महिन्याचं पोहोचलं का? चौकशी पुरी होईस्तोवर त्यांना थांबवू नका. कमी पडत असेल तर आमच्याकडून काही पाठवतो, नाव लिहायचं नाही. आणि खजिनदाराच्या बायकोकडे कोणी जातंय का, तेही विचार. तिला सगळ्यांत शेवटी कळलं असेल.